ट्रकच्या मागील ड्रम ब्रेकचे डिस्क ब्रेकमध्ये रूपांतर

ट्रकच्या मागील ड्रम ब्रेकचे डिस्क ब्रेकमध्ये रूपांतर म्हणजे मालवाहू वाहनाच्या मागील अ‍ॅक्सलवरील ड्रम, ब्रेक शू व त्यांना चालवणारी यंत्रणा काढून त्या जागी चकती, कॅलिपर आणि पॅड बसवणे होय. जुन्या वाहनांच्या बाबतीत हा बदल मुख्यतः लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होऊ नयेत यासाठी सुचवला जातो. डिस्क बसवल्याने ट्रक प्रत्येक वेळी कमी अंतरात थांबतो, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. या कामात पार्किंग ब्रेक, पुढील व मागील ब्रेकचा तोल, चाकांच्या रिमा आणि मोटार वाहन कायदा अशा अनेक बाबी गुंतलेल्या असतात.

भारतातील जुने ट्रक जवळजवळ सर्व ड्रम ब्रेकचे आहेत. पश्चिम विदर्भातील, म्हणजेच वऱ्हाडातील, अमरावती व अकोला या जिल्ह्यांत अशा ट्रकना दोन अगदी भिन्न प्रकारच्या रस्त्यांवर चालावे लागते. दक्षिणेला पूर्णा खोऱ्याचा सपाट प्रदेश व त्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहे, तर उत्तरेला मेळघाटातील सातपुड्याचे घाट आहेत. ब्रेकची गरज या दोन ठिकाणी सारखी नाही.

पार्श्वभूमी

ड्रम आणि डिस्क या दोन्ही कल्पना एकाच काळातील आहेत. फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी ड्रम ब्रेक आणि इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेक १९०२ च्या सुमारास पुढे आणले. धूळ-चिखलापासून बंदिस्त असणारा व कमी जोरात चालणारा ड्रम पुढील अर्धशतक सर्वत्र रूढ झाला. डिस्क ब्रेकला प्रतिष्ठा मिळाली ती १९५३ मध्ये जॅग्वार मोटारींनी ल मांची २४ तासांची शर्यत जिंकल्यावर. जड ट्रकपर्यंत डिस्क पोहोचायला आणखी चार दशके लागली. १९९६ मध्ये आलेल्या मर्सिडीझ-बेंझ अ‍ॅक्ट्रोस या ट्रकला सर्व चाकांवर डिस्क ब्रेक होते, आणि त्यानंतर युरोपात हाच प्रघात पडला.

भारतात टाटा कंपनीने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूर येथे ट्रकची निर्मिती सुरू केली. त्या परंपरेतील जड ट्रक आणि १९८६ मध्ये आलेला हलका टाटा ४०७ हे दोन्ही ड्रम ब्रेकवर वाढले. ड्रम स्वस्त असतो, त्याचे लायनर तालुक्याच्या गावीही बदलून मिळतात आणि जास्त भार सहन करण्याची त्याची ख्याती आहे. वऱ्हाडातील कापसाच्या गाठी, सोयाबीन, तूर आणि वरुड-मोर्शी भागातील संत्री यांची वाहतूक दीर्घकाळ अशाच ट्रकमधून होत आली आहे.

मोटारींमध्ये ब्रेक सुधारताना आधी पुढची चाके विचारात घेतात. ट्रकचे तसे नसते. दोन अ‍ॅक्सलच्या जुन्या ट्रकसाठी भारतात दीर्घकाळ १६.२ टन एकूण वजनाची मर्यादा होती, त्यातील १०.२ टन मागील अ‍ॅक्सलवर आणि ६ टन पुढील अ‍ॅक्सलवर धरले जात. भरलेल्या ट्रकमध्ये थांबवण्याचे बरेचसे काम त्यामुळे मागील ब्रेककडे येते. जुलै २०१८ मध्ये ही मर्यादा १८.५ टन करण्यात आली. जुन्या ट्रकचे ब्रेक मात्र जुन्या मर्यादेसाठीच आखलेले आहेत.

दोन्ही ब्रेकमधील फरक

ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या पिंपासारख्या ड्रमच्या आतील पृष्ठभागावर दोन अर्धवर्तुळाकार शू बाहेरच्या दिशेने दाबल्या जातात. फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढून अधिक घट्ट बसवतो, त्यामुळे चालकाच्या पायाच्या जोरापेक्षा मोठा परिणाम मिळतो. या गुणाची दुसरी बाजू अशी की लायनरचे घर्षण थोडे जरी घटले, तरी ब्रेकची एकूण शक्ती त्याहून मोठ्या प्रमाणात घटते. डिस्क ब्रेकमध्ये असे स्वयंसाहाय्य नसते. दोन पॅड चकतीला दोन्ही बाजूंनी पकडतात आणि जितका दाब, तितकाच परिणाम मिळतो.

तापल्यावर दोहोंची वागणूक उलट होते. ड्रम तापला की प्रसरण पावून त्याचा व्यास वाढतो, म्हणजे तो लायनरपासून दूर जातो. शूला अधिक अंतर कापावे लागते. हवेच्या ब्रेकमध्ये ब्रेक चेंबरचा दांडा अधिक बाहेर येतो आणि शेवटी त्याची धाव संपते. पेडल दाबलेले असते, हवा भरलेली असते, पण शूवर जोर पोहोचत नाही. चकती तापली की तिची जाडी वाढते, म्हणजे ती पॅडच्या दिशेने येते. लांब उतारावर डिस्क अधिक भरवशाची ठरते त्याचे हे एक प्रमुख यांत्रिक कारण आहे.

सपाट, कोरड्या रस्त्यावरील एका थांब्याची गोष्ट वेगळी आहे. ट्रक किती अंतरात थांबेल याची शेवटची मर्यादा टायर आणि रस्ता यांच्यातील पकड ठरवते. सुस्थितीतील थंड ड्रम ब्रेक चाके जाम करू शकत असतील, तर डिस्क बसवल्याने तो एक थांबा लक्षणीयरीत्या आखूड होत नाही. पेडलच्या दाबाला मिळणारा अधिक समप्रमाण प्रतिसाद आणि दोन्ही बाजूंच्या चाकांतील अधिक सारखेपणा हे फायदे तेथेही मिळतात.

मेळघाटाचा उतार आणि उष्णता

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. पायथ्याकडील परतवाडा-अचलपूरचा परिसर ४०० मीटरच्या आत आहे. म्हणजे चिखलदऱ्याहून धामणगाव गढीमार्गे खाली येणारा ट्रक सुमारे ७०० मीटर उतरतो. १६.२ टनांच्या ट्रकची या उंचीमुळे असलेली ऊर्जा सुमारे ११ कोटी ज्यूल भरते. हाच ट्रक ताशी ६० किलोमीटर वेगावरून एकदा थांबवताना सुमारे २२.५ लाख ज्यूल ऊर्जा शोषावी लागते. घाटाचा एक उतार अशा रीतीने जवळजवळ ५० पूर्ण थांब्यांइतका होतो, आणि तोही मध्ये विश्रांती न घेता. वजन दोन्ही बाजूंना सारखेच येत असल्याने हे गुणोत्तर रिकाम्या ट्रकलाही लागू पडते.

ही सर्व उष्णता ब्रेकमध्ये जात नाही. टायरचे घर्षण, हवेचा विरोध आणि खालच्या गिअरमधील इंजिन यांच्यात तिचा बराच भाग खर्च होतो. यांपैकी इंजिनाचा वाटा संपूर्णपणे चालकाच्या हातात असतो. निम्मी ऊर्जा ब्रेककडे आली, चार ड्रमचे एकूण वजन २०० किलो आहे आणि वाऱ्याने ते मुळीच थंड झाले नाहीत असे धरले, तर त्यांचे तापमान साडेपाचशे अंश सेल्सियसने वाढेल. प्रत्यक्षात वारा बरेच थंड करतो, म्हणून तापमान इतके चढत नाही. पण त्याच्या निम्म्या तापमानावरही साध्या प्रतीच्या लायनरची पकड कमी होऊ लागते. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय असेल, तर इंजिनाचा वाटा शून्यावर येतो. इंजिन बंद करून उतरल्यास हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर आणि तेलाच्या ब्रेकचा निर्वात पंपही थांबतो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा चालकांमधील जुना नियम याच हिशेबावर आधारलेला आहे.

परतवाडा–सेमाडोह–हरिसाल–धारणी या रस्त्यावर मालवाहतुकीचे आणखी एक वैशिष्ट्य आढळते. मेळघाटातील सागवान व बांबू डोंगरातून खाली येतो. परतवाडा हे सागवानाच्या व्यापाराचे जुने केंद्र आहे. चढताना रिकामा आणि उतरताना भरलेला, अशी ही वाहतूक ब्रेकच्या दृष्टीने सर्वांत प्रतिकूल असते. अकोला–वाशिम मार्गावरील पातूरचा घाट त्या मानाने लहान आहे.

डिस्क येथे उपयोगी पडते ती मुख्यतः थंड होण्याच्या वेगामुळे. चकतीचे दोन्ही पृष्ठभाग उघडे असतात आणि हवेशीर चकतीत मधून वाराही वाहतो. एका बाबतीत मात्र ती ड्रमपेक्षा उणी आहे: तिचे वजन बहुधा ड्रमपेक्षा कमी असल्याने एकाच जोरदार थांब्यात ती अधिक झपाट्याने तापते. लहान आकाराची चकती बसवून केलेले रूपांतर त्यामुळे मूळ ड्रमपेक्षाही वाईट ठरू शकते.

तेलाच्या ब्रेकचे हलके ट्रक

टाटा ४०७ सारख्या हलक्या ट्रकमध्ये द्रवचालित ब्रेक असतात, ज्यांना बोलीत तेलाचे ब्रेक म्हणतात. यांत रूपांतर तुलनेने सोपे दिसते, कारण बॅकिंग प्लेट व शू काढून तेथे कॅलिपरचा ब्रॅकेट बसवायचा आणि नळी जोडायची एवढेच काम डोळ्यांना दिसते. अडचणी नळीच्या दुसऱ्या टोकाला असतात. व्हील सिलिंडरच्या पिस्टनचा व्यास २८ मिलिमीटर आणि कॅलिपरच्या पिस्टनचा ५६ मिलिमीटर धरला, तर क्षेत्रफळ चौपट होते. पॅडला कमी सरकावे लागत असले, तरी ते झिजत गेल्यावर कॅलिपरमध्ये अधिक तेल साठते. मूळ मास्टर सिलिंडर व त्याची टाकी पुरेशी नसल्यास पेडल खोल जाऊ लागते. डिस्कला स्वयंसाहाय्य नसल्याने दाबही अधिक लागतो, म्हणून बूस्टरची क्षमता तपासावी लागते.

ड्रमच्या नळीत शूच्या स्प्रिंगांना तोलण्यासाठी थोडा दाब कायम राखणारा झडपेचा तुकडा काही जुन्या मास्टर सिलिंडरांत असतो. तो तसाच ठेवून डिस्क जोडल्यास पॅड चकतीला सतत घासत राहतात. अशी गाडी चालते, थांबतेही. पण पहिल्या लांब फेरीत मागची चाके धुरकटतात आणि दोष पॅडच्या प्रतीला दिला जातो.

मागील अ‍ॅक्सलवरील भारानुसार ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारी झडप ज्या वाहनांत असते, तिची मांडणी ड्रमच्या हिशेबाने केलेली असते. रूपांतरानंतर ती पुन्हा जुळवली नाही, तर रिकाम्या गाडीची मागची चाके आधी जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर मागचा भाग आडवा फिरतो. बाजारात माल उतरवून परतणारा रिकामा ट्रक आणि पहिल्या पावसाने निसरडा झालेला डांबरी रस्ता ही वऱ्हाडातील जून महिन्याची नेहमीची स्थिती आहे.

ब्रेक तेलाकडे बहुतेक वेळा दुर्लक्ष होते. कॅलिपरचा पिस्टन पॅडच्या थेट पाठीशी असल्याने चकतीची उष्णता ड्रमच्या तुलनेत लवकर तेलापर्यंत पोहोचते. डॉट ३ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो. हवेतील ओलावा शोषलेल्या तेलाचा १४० अंशांपर्यंत खाली येतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. तेल उकळून नळीत वाफ झाली की पेडल एकदम जमिनीला टेकते. ड्रम असताना तीन-तीन पावसाळे काढलेले तेल रूपांतरानंतर तसेच ठेवणे म्हणूनच धोक्याचे असते.

हवेच्या ब्रेकचे जड ट्रक

जड ट्रकमध्ये सुमारे ८ बार दाबाच्या हवेवर चालणारे ब्रेक असतात. ब्रेक चेंबरचा दांडा स्लॅक अ‍ॅडजस्टरला ढकलतो, तो इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचा कॅम फिरवतो आणि कॅम शूंना बाहेर ढकलतो. येथे रूपांतर म्हणजे केवळ शूच्या जागी कॅलिपर नव्हे. हब, चकती, कॅलिपर, त्याचा ब्रॅकेट, ब्रेक चेंबर आणि बऱ्याचदा रिमासुद्धा बदलाव्या लागतात.

ब्रॅकेटवर येणारा जोर समजून घेण्याजोगा आहे. मागील अ‍ॅक्सलवर १०.२ टन भार, गुरुत्वाच्या निम्म्या त्वरणाइतकी मंदगती आणि अर्ध्या मीटर त्रिज्येचे चाक धरले, तर प्रत्येक बाजूला सुमारे १२,५०० न्यूटन-मीटर इतके आघूर्ण लागते. पॅड चकतीच्या मध्यापासून १७ सेंटिमीटरवर असतील, तर कॅलिपरला आपल्याबरोबर ओढून नेऊ पाहणारा जोर सुमारे साडेसात टन भरतो. तो जोर ब्रॅकेट व त्याच्या बोल्टमधून अ‍ॅक्सलच्या नळीत उतरतो. गॅसने कापलेल्या जाड पत्र्याचा ब्रॅकेट करून तो अ‍ॅक्सलला वेल्डिंगने चिकटवणे हा प्रकार त्यामुळे स्वीकारार्ह मानला जात नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने अ‍ॅक्सलची नळी वाकते, तिचे पोलाद ठिसूळ होते आणि तडा बाहेरून दिसण्यापूर्वी आतून वाढतो. उत्पादकाने पुरवलेला, मूळ फ्लँजवर बोल्टने बसणारा ब्रॅकेट किंवा डिस्कसह आलेला संपूर्ण अ‍ॅक्सल हेच दोन सुरक्षित मार्ग आहेत.

जुन्या ट्रकच्या ट्यूब टायरच्या रिमा २० इंची असतात. जड वाहनांसाठी तयार होणारे हवेचे डिस्क ब्रेक बहुतांशी २२.५ इंची ट्यूबलेस रिमांत बसतील अशा मापाचे असतात. २० इंची रिमात कॅलिपर बसलाच, तरी रिमाची आतील बाजू व कॅलिपर यांच्यात खडा अडकण्याइतकीही फट उरत नाही आणि जोडटायरांपैकी आतल्या टायरला उष्णता लागते.

मागे डिस्क आणि पुढे ड्रम ठेवण्यातही एक प्रश्न आहे. एस-कॅम ब्रेकला घर्षण व स्प्रिंग यांवर मात करून चालू होण्यासाठी थोडा अधिक हवेचा दाब लागतो, तर डिस्क कमी दाबावरच काम सुरू करते. घाटात चालक पेडल हलकेच दाबून ठेवतो तेव्हा हवेचा दाब कमीच असतो. अशा वेळी पुढचे ड्रम जवळजवळ स्वस्थ बसतात आणि सारा भार मागच्या डिस्कवर पडतो. ज्या उतारासाठी रूपांतर केले, तेथेच असमतोल सर्वाधिक जाणवतो. यावर उपाय म्हणजे दाबाच्या झडपांची मांडणी बदलणे किंवा दोन्ही अ‍ॅक्सल एकाच प्रकारचे करणे.

नव्या मोठ्या ट्रक व बसना भारतात २०१५ पासून एबीएस बंधनकारक आहे. त्यानंतरच्या ट्रकचे हब बदलताना चाकाचा वेग मोजणारी दातेरी कडी आणि संवेदक यांचे अंतरही पुन्हा साधावे लागते. त्याआधीच्या ट्रकमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही, परंतु चाके जाम होण्यापासून वाचवणारी यंत्रणाही तेथे नसते.

पार्किंग ब्रेक

उभ्या ट्रकला धरून ठेवण्यात ड्रम अजूनही सरस आहे. हलक्या ट्रकमध्ये हात ब्रेकची केबल मागील शूंनाच ओढत असेल, तर ड्रम काढताच हात ब्रेकही जातो. साध्या कॅलिपरला केबल जोडण्याची सोय नसते. त्यासाठी यांत्रिक पार्किंगची सोय असलेले कॅलिपर किंवा चकतीच्या टोपीत लहान ड्रम असलेली रचना घ्यावी लागते. तापलेली चकती थंड होताना आकसते आणि यांत्रिक पकड सैल होते, ही दुसरी अडचण. घाटात थांबून चालक चहासाठी उतरला आणि दहा मिनिटांनी गाडी आपोआप सरकली, असे होण्याची शक्यता येथूनच निर्माण होते. चाकाखाली दगड किंवा लाकडी ठोकळा लावण्याची रीत म्हणून डिस्क बसवल्यावरही सोडता येत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ नुसार वाहनास पायाने चालणारा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक या दोन स्वतंत्र व कार्यक्षम यंत्रणा आवश्यक आहेत. हात ब्रेक न जोडता केलेले रूपांतर या पहिल्याच कसोटीवर नापास होते. हवेच्या ब्रेकमध्ये स्प्रिंगने चालणारे चेंबर हवा गेल्यावर चाके आपोआप धरतात. डिस्कसाठीही असे चेंबर मिळतात, परंतु ते कॅलिपरच्या मापाचे असावे लागतात. जुन्या एस-कॅमचे चेंबर तेथे वापरता येत नाहीत.

काळी माती आणि पाऊस

वऱ्हाडातील काळी माती ओली झाली की चाकाला थराथराने चिकटते. शेतापर्यंत किंवा जिनिंगच्या आवारात जाणाऱ्या ट्रकच्या चकतीवर हा चिखल थेट बसतो आणि वाळल्यावर पॅड व चकती यांना घासतो. ड्रम यापासून बराच सुरक्षित असतो. मात्र नाल्यातून जाताना ड्रममध्ये पाणी शिरले, तर ते लवकर निघत नाही आणि पुढचे काही थांबे कमकुवत होतात. चकती एक-दोन फेऱ्यांतच कोरडी होते. कॅलिपर सरकण्याच्या पिना हे डिस्कचे नाजूक ठिकाण आहे. त्यांच्या रबरी टोप्या फाटून चिखल आत गेला की कॅलिपर अडकतो, एकच पॅड झिजतो आणि त्या चाकाची उष्णता वाढत जाते. कापूस वाहणाऱ्या ट्रकच्या बाबतीत सतत घासणारे, तापलेले चाक हा आगीचाही धोका असतो, मग तो ब्रेक ड्रम असो वा डिस्क.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र या प्रकरणात या कलमाचा कठोर अर्थ मान्य केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ जोडले गेले. त्यानुसार परवानगीवाचून सुटे भाग बसवून बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

ब्रेकचा प्रकार नोंदणी प्रमाणपत्राच्या ठळक तपशिलांत येत नसल्याने हा बदल कागदावर दिसत नाही, असा एक समज आढळतो. परंतु मालवाहू वाहनांच्या नोंदणीत टायरची संख्या व माप लिहिलेले असते. २० इंची रिमांच्या जागी २२.५ इंची रिमा आल्या की विसंगती उघड होते. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू वाहनाला योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. अमरावती (एमएच-२७) आणि अकोला (एमएच-३०) येथील परिवहन कार्यालयांच्या क्षेत्रातील जुन्या ट्रकनाही हे लागू आहे. अपघातानंतर विमा दाव्याच्या चौकशीतही न कळवलेला यांत्रिक बदल मालकाच्या विरोधात जाऊ शकतो. वाहने व त्यांचे भाग यांची चाचणी घेऊन मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी पुण्यातील एआरएआय व सीआयआरटी आणि अहिल्यानगर येथील व्हीआरडीई या तीन महाराष्ट्रातच आहेत. एकट्या मालकाने एका ट्रकसाठी अशी चाचणी करवून घेणे व्यवहार्य ठरत नाही. उत्पादकाने मान्यता घेतलेला संच उपलब्ध असेल तरच मार्ग मोकळा होतो.

रूपांतराला पर्याय

जुन्या ट्रकच्या ब्रेकबद्दलच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा ड्रमच्या रचनेमुळे नव्हे, तर त्याच्या स्थितीमुळे उद्भवतात. वारंवार लेथवर कापून पातळ झालेला ड्रम कमी उष्णता साठवतो आणि लवकर प्रसरण पावतो. ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापलीकडे तो कापू नये, असा उत्पादकांचा दंडक आहे. कापलेल्या ड्रमला मूळ मापाचे लायनर मारल्यास ते मधल्या भागातच टेकतात. स्लॅक अ‍ॅडजस्टर हाताने जुळवायचा असेल, तर चारही चाकांची धाव क्वचितच सारखी राहते. स्वयंचलित अ‍ॅडजस्टर हा दोष बराच दूर करतो आणि तो मूळ ब्रेकच्या रचनेत बसतो. एक्झॉस्ट ब्रेक इंजिनाचा विरोध वाढवून घाटातील उष्णतेचा काही भाग चाकांपर्यंत येऊच देत नाही. मेळघाटातून नियमित ये-जा करणाऱ्या ट्रकसाठी मान्यताप्राप्त संच नसताना केलेल्या डिस्क रूपांतरापेक्षा नवे ड्रम, योग्य प्रतीचे लायनर आणि चालू स्थितीतील एक्झॉस्ट ब्रेक यांचा उपयोग अधिक होतो.

सपाट महामार्गावर प्रश्नाचे स्वरूप बदलले आहे. पूर्वीच्या राष्ट्रीय महामार्ग ६ चा, म्हणजे आताच्या ५३ क्रमांकाच्या महामार्गाचा, अमरावती–अकोला टप्पा जून २०२२ मध्ये देशभर गाजला. येथे ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकल्याची नोंद गिनीज बुकात झाली. खड्ड्यांमुळे ताशी ४० किलोमीटरने चालणारा ट्रक चांगल्या रस्त्यावर ६० ने चालू लागला, तर प्रत्येक थांब्याची ऊर्जा सव्वादोन पट होते. जुन्या ट्रकच्या ब्रेकमध्ये मात्र रस्त्याबरोबर काहीच बदललेले नसते. या मार्गावर दोन थांब्यांमध्ये ब्रेक थंड व्हायला वेळ मिळतो, त्यामुळे डिस्कच्या मुख्य गुणाचा येथे कमी उपयोग होतो. टायरची स्थिती, भाराची मर्यादा आणि ब्रेकची जुळवणी यांनाच अधिक महत्त्व राहते.